अर्ध्या कोयत्याचे अर्थशास्त्र

कोयता हे वास्तविक एका अवजाराचे नाव. साखर कारखान्याच्या कागदपत्रांत आणि मुकादमाच्या वहीत मात्र ते मजूर मोजण्याचे एकक होऊन बसले आहे. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. एकटा पुरुष किंवा एकटी स्त्री फडावर आली तर तिची वा त्याची गणना ‘अर्धा कोयता’ अशी होते. हंगामापूर्वीची उचल कोयत्याला मिळते, टनाचा दर कोयत्याला लागतो, आणि आजारपणामुळे काम चुकले तर खाडाही कोयत्याच्याच नावे पडतो. या सगळ्या व्यवहारात नवऱ्याचे नाव लिहिले जाते, त्याची सही किंवा अंगठा घेतला जातो. फडात त्याच्याइतकेच तास राबणाऱ्या बाईचे नाव मात्र बहुधा कोठेच उमटत नाही.

दरवर्षी 8 मार्चला स्त्री-पुरुष समानतेवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. ते बोलणे निरर्थक असते असे मी म्हणणार नाही. परंतु त्या चर्चेतील नोकरी करणारी स्त्री ही बहुतेक वेळा कचेरीतली, शाळेतली किंवा बँकेतली असते. तिला पगारपत्रक असते, रजेचा अर्ज असतो आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करावी असा एक मालकही असतो. महाराष्ट्रातील ऊसतोडणी मजुरांची संख्या सर्वसाधारणपणे 8 ते 10 लाख सांगितली जाते. कोयता जोडीने मोजला जात असल्यामुळे त्यात जवळजवळ निम्म्या स्त्रिया असणार, हे सांगायला पाहणीची गरज नाही. या स्त्रियांच्या बाबतीत ‘समान कामाला समान वेतन’ हे तत्त्व लावायला गेले, की पहिल्याच पायरीवर अडखळायला होते. समान की असमान, हे ठरवण्यासाठी आधी दोन वेतने असावी लागतात. येथे वेतन एकच आहे.

दिवसाचा हिशेब

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून आणि अहिल्यानगरच्या पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून टोळ्या निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर आणि सीमेपलीकडे बेळगावपर्यंत त्या पसरतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, कोप्यांतून राहतात. त्या काळात त्यांच्या गावांतून म्हातारी माणसे आणि काही मुले एवढीच मागे उरतात.

फडातील कामाची वाटणी साधारणपणे अशी असते. पुरुष ऊस तोडतो. बाई तोडते, पाचट काढते, वाढे छाटते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. ट्रक किंवा ट्रॅक्टर भरायचा असेल तर फळीवरून मोळीसह वर चढावे लागते, आणि गाडी रात्री आली तर ती रात्रीच भरावी लागते. यापूर्वी पहाटे उठून तिने पाणी भरलेले असते, भाकऱ्या थापलेल्या असतात, तान्हे मूल असेल तर ते फडाच्या कडेला झोळीत टाकलेले असते. परत आल्यावर पुन्हा चूल आहेच. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात श्रमाचे उत्पादक आणि अनुत्पादक असे विभाग केले जातात आणि घरकामाला दुसऱ्या विभागात ढकलण्याची जुनी खोड आहे. फडावर तो भेद टिकत नाही. तिने भाकरी केली नाही तर ऊस तुटणार नाही. आणि ऊस तुटला नाही तर कारखान्याची मोळी गव्हाणीत पडणार नाही.

आता रुपयांचा हिशेब पाहू. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात समझोता होऊन तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला साडेतीनशे रुपयांच्या पुढे गेला. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो असे धरले, तर जोडीची दिवसाची कमाई सातशे-सव्वासातशेच्या घरात जाते. दोघांत वाटली तर प्रत्येकी साडेतीनशेच्या आसपास, आणि बारा तासांनी भागली तर ताशी तीस रुपयांच्या आगेमागे. मुकादमाचे कमिशन कारखान्याकडून वेगळे मिळते. तथापि उचलीची फेड, खाड्याचा दंड आणि आजारपणाचा खर्च या कमाईतूनच जातो. 34 टक्के वाढ ही काही थोडीथोडकी नाही, आणि ती संघटनांनी झगडून मिळवली आहे. परंतु या वाढीतील बाईचा वाटा किती, या प्रश्नाला करारात उत्तर नाही. करार टनाचा आहे.

उचल ही या व्यवहाराची खरी नाडी. पाऊसकाळात, हाताला काम नसताना, मुलीच्या लग्नासाठी, आजारासाठी, क्वचित जुन्या कर्जासाठी जोडीमागे पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे रक्कम मुकादम देतो. ती नवऱ्याच्या हाती पडते आणि दोघांच्या अंगावर फेडली जाते. हंगाम संपताना फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. ज्या कर्जाच्या कागदावर आपली सही नाही, ज्याचा पैसा कोठे खर्च झाला हे कित्येकदा आपल्याला सांगितलेही गेलेले नाही, असे कर्ज फेडण्यासाठी ही स्त्री सहा महिने परमुलखात बांधलेली असते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा देशाने 1976 साली केला. त्याच वर्षी समान वेतनाचाही कायदा झाला. दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत ही बाई उभी आहे.

मालक कोण?

समान वेतनाच्या कायद्याचा इतिहास कामकरी स्त्रीच्या दृष्टीने अगदीच निराशाजनक नाही. देशातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने 1974 च्या अखेरीस अहवाल दिला. पुढच्या वर्षी वटहुकूम आणि 1976 मध्ये समान वेतन कायदा आला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील ऑड्रे डिकॉस्टा या स्टेनोग्राफर बाईंनी त्या कायद्याच्या आधारे दाद मागितली. पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा आपल्याला कमी वेतन का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. कंपनीने स्त्रियांचे काम वेगळे असल्याचे सांगितले, आर्थिक अडचणीही पुढे केल्या. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये ते म्हणणे फेटाळले आणि डिकॉस्टाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पुढे 2000 साली दिल्ली महापालिकेच्या रस्त्यांच्या कामावर हजेरीपटावर राबणाऱ्या स्त्रियांना प्रसूतीचे लाभ मिळाले पाहिजेत, असे त्याच न्यायालयाने सांगितले. या स्त्रिया कायम नोकरीतल्या नव्हत्या. खड्डे खणणे, रस्ते बांधणे असली अंगमेहनतीची कामे त्या करीत होत्या.

या दोन निकालांत एक साम्य आहे, आणि माझ्या मते प्रस्तुत प्रश्नाची किल्ली तेथे आहे. डिकॉस्टाबाईंचे नाव पगारपत्रकात होते. दिल्लीच्या मजूर स्त्रियांचे नाव हजेरीपटावर होते. न्यायालयाला तोलून पाहण्यासाठी कागदावर एक स्त्री आणि तिच्यासमोर एक मालक उपलब्ध होता.

ऊसतोडणीच्या धंद्यात या दोन्ही गोष्टी हुशारीने नाहीशा केलेल्या आहेत. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे, मजुरांना आम्ही ओळखत नाही. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी तर कमिशनवरचा मध्यस्थ, मीही कधी काळी कोयताच धरत होतो. आणि ते पुष्कळदा खरे असते. शिवाय तोडणी आणि वाहतुकीचा खर्च ऊसउत्पादकाच्या बिलातून कापला जात असल्यामुळे, हे मजूर वस्तुतः शेतकऱ्याचे आहेत असाही युक्तिवाद ऐकू येतो. अशा रीतीने चार धनी झाले आणि मालक एकही राहिला नाही. मात्र मजुरांनी कोयता बंद ठेवला की दराची बोलणी करायला साखर कारखान्यांचा राज्य संघच पुढे येतो. टनाचा दर ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे मालकाची जबाबदारी का असू नये, याचे समाधानकारक उत्तर सहकाराच्या नावाने चालणाऱ्या या उद्योगाने आजवर दिलेले नाही. प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्यामागे धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाची दृष्टी होती. लहान शेतकऱ्याचा प्रत्येक टन त्याच्या नावे मोजला जावा, ही त्या रचनेतील मोठी गोष्ट. ज्या काट्यावर तो टन मोजला जातो, तेथवर तो डोक्यावरून आणणारीचे नाव मोजण्याची बुद्धी या रचनेला पाऊणशे वर्षांत झाली नाही.

केंद्राच्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या आणि 1976 चा समान वेतन कायदा त्यांतील वेतन संहितेत विलीन झाला. कामगारांना नेमणूकपत्र देण्याचे बंधन या संहितांमध्ये आहे असे सरकार आवर्जून सांगते. चांगली गोष्ट आहे. ऊसतोडणी करणाऱ्या बाईचे नेमणूकपत्र कोणी द्यायचे, हे ठरल्याशिवाय या बंधनाचा तिला काय उपयोग, एवढेच विचारायचे आहे.

शरीरावर वसूल होणारा खाडा

नाव नसण्याची किंमत पैशापुरती राहिली असती तर एक वेळ गोष्ट वेगळी होती. 2019 च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. तीन वर्षांत जिल्ह्यात अशा 4605 शस्त्रक्रिया झाल्याची माहिती त्या वर्षी जूनमध्ये विधान परिषदेत देण्यात आली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोडणी मजूर स्त्रियांची पाहणी झाली, आणि 13 हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा स्त्रियांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 15 ते 49 या वयोगटात हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आहे. दोन पाहण्यांची पद्धत एकच नसल्यामुळे आकडे तंतोतंत ताडून पाहू नयेत, हे खरे. तरी हा फरक पद्धतीचा म्हणून झटकून टाकता येण्यासारखा नाही.

खासगी डॉक्टरांनी कर्करोगाची भीती घातली, हे कारण वृत्तपत्रांतून पुढे आले आणि ते योग्यच झाले. परंतु डॉक्टरांवर सारा दोष टाकून मोकळे होणे सोयीचे आहे म्हणूनच संशयास्पद आहे. फडावर न्हाणीघर नाही, शौचालय नाही, स्वच्छ पाणी नाही. पाळीच्या दिवसांत तेच कापड, तेच ओझे, त्याच पहाटे. अंगावर दुखणे काढावे तर ते वाढते. दवाखान्यात जावे तर खाडा पडतो. आणि तो खाडा दोघांच्या कमाईतून जातो, म्हणून तिचे दुखणे हा नवऱ्याच्या आणि टोळीच्याही गैरसोयीचा विषय होतो. वैयक्तिक मजुरी असती तर तिचा एक दिवस बुडाला असता. कोयत्याच्या पद्धतीत तिच्या पोटात दुखले की दुसऱ्याचीही मजुरी बुडते. मग दोन-तीन मुले झाल्यावर पिशवी काढून टाकली की कटकट मिटली, असा सल्ला सासरी, शेजारी, दवाखान्यात सगळीकडून मिळू लागतो. तिशीतल्या बाईला त्यानंतर हाडांचे दुखणे, थकवा, अकाली येणारा म्हातारपणा सोसावा लागतो. ओझे मात्र पूर्वीइतकेच असते.

मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा 1929 साली झाला. त्याआधीच्या वर्षी विधिमंडळातील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला होता. त्या कायद्याला आता शंभर वर्षे होत आली. फडावर बाळंत होणारी, आणि काही दिवसांत पुन्हा मोळी बांधायला लागणारी स्त्री याच राज्यात आहे.

लग्नाचाही येथे संबंध येतो. अर्ध्या कोयत्याला पुरेशी उचल मिळत नाही आणि मुकादमही त्याला नेण्यास नाखूश असतो. त्यामुळे हंगाम तोंडावर आला की मुलाचे लग्न उरकण्याची घाई होते आणि सोळा-सतरा वर्षांच्या, कधी त्याहूनही लहान मुलीच्या गळ्यात माळ पडते. मुलीला गावात एकटी ठेवून जाण्याची आईबापांना भीती असते, हे त्याचे दुसरे कारण. बालविवाहाला आपण रूढी म्हणतो, अज्ञान म्हणतो. मराठवाड्यातील या लग्नांना निदान काही प्रमाणात श्रमबाजाराची मागणी म्हटले पाहिजे. उलट बाजूने, विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीला भाऊ, दीर अथवा मुलगा यांच्याशी जोडी लावल्याखेरीज कामच मिळणे कठीण होते. पुरुषाच्या आधाराशिवाय तिच्या श्रमाला बाजारात भावच नाही.

हजेरीपटाचा अनुभव

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि माझ्या वर्गातील काही विद्यार्थीही तो घेतात. त्यांच्यापैकी कित्येकांचे आईवडील स्वतः कारखान्याला जातात, त्यामुळे तो आक्षेप हलका मानण्याचे कारण नाही. ते म्हणतात, बाईच्या नावे निम्मी रक्कम लिहिली म्हणून काय होणार? पैसा घरातच येणार आहे. बँकेचे कार्ड नवऱ्याच्याच खिशात राहणार. एकूण रक्कम वाढल्याशिवाय वाटणीला अर्थ नाही.

यातील पहिला भाग बहुतांशी खरा आहे. खाते उघडल्याने नवऱ्याचा स्वभाव बदलत नाही. परंतु वेतनाची नोंद ही केवळ पैसे कोणाच्या हाती पडतात एवढ्यापुरती नसते. अपघातात हात गेला तर भरपाई कोणाला, प्रसूतीची रजा कोणाला, विमा कोणाच्या नावे, नवऱ्याने टाकले तर उचलीची बाकी कोणावर, या सगळ्या प्रश्नांचे उत्तर नोंदीवर अवलंबून असते. आणि याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. 1972 च्या दुष्काळात आणि पुढे 1977 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेत स्त्रिया फार मोठ्या संख्येने कामावर आल्या. त्या योजनेत दोष पुष्कळ होते. मापे चुकत, पगार रखडे, मुलांसाठी पाळणाघर कायद्यात होते पण कामावर क्वचितच दिसे. तथापि कामाचा दर स्त्री-पुरुषांना एकच होता आणि बाईचे नाव हजेरीपटावर स्वतंत्रपणे येत होते. पगार थकला तर तहसील कचेरीवर मोर्चा घेऊन जाण्याइतका हक्क त्या नावाने तिला दिला. मराठवाडा, धुळे, सोलापूर अशा भागांतून त्या काळी निघालेल्या मोर्चांत बायका पुढे दिसत, त्याचे हे एक कारण होते. विशेष म्हणजे, ज्या घरांतून त्या येत होत्या त्याच घरांतून ऊसतोडणीलाही माणसे जात होती. एकाच स्त्रीला सरकार मजूर म्हणून ओळखत होते आणि कारखाना ओळखत नव्हता.

दुसरा आक्षेप यंत्राचा. ऊस तोडणारी यंत्रे येत आहेत, अनुदानेही मिळत आहेत. मग आता ही उठाठेव कशाला, असे म्हटले जाते. मला हीच घाई करण्याची वेळ वाटते. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये 1920 च्या दशकात कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. पुढे पुनर्रचना झाली, पाळ्या बदलल्या, रात्रपाळीवर स्त्रियांना बंदी आली, आणि 1982 च्या संपापर्यंत गिरणीतील स्त्री ही अपवादाची गोष्ट झाली होती. यंत्र आले की आधी कोणाला बाहेर काढायचे, हे नेहमी आधीच्या नोंदींवर ठरते. उद्या तोडणी यंत्रामुळे विस्थापित झालेल्या मजुरांना भरपाई किंवा पर्यायी काम देण्याची वेळ आली, तर यादी कोयत्यांची निघेल आणि तीत नवऱ्यांची नावे असतील.

काही पावले पडली आहेत, हे नमूद केले पाहिजे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आहे. गावोगाव मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम 2021 नंतर सुरू झाले. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. महिला ऊसतोड कामगारांची स्वतंत्र संघटना बीडमध्ये उभी राहिली असून मुख्य संघटनांच्या मागण्यांत शेवटी येणारे विषय, म्हणजे शौचालय, दवाखाना, स्त्रीचे स्वतंत्र नाव, ती पहिल्या क्रमांकावर मांडते. दराच्या लढ्यात फूट पडेल अशी शंका त्यावर घेतली जाते. मला ती पटत नाही. दराच्या बोलणीला बसणाऱ्यांत ओझे वाहणारीचा प्रतिनिधी असल्याने दर कमी होतो, असे कोणत्याही करारात दिसून आलेले नाही.

मागणी फार मोठी नाही. पुढच्या करारात कोयता हे एकक रद्द करून दोन मजूर अशी नोंद व्हावी. दोघांच्या नावे स्वतंत्र हिशेबपुस्तक आणि स्वतंत्र खाते असावे. उचल ज्याने घेतली त्याच्याच वाट्यातून फिटावी. पाळी, आजारपण आणि बाळंतपण यांचा खाडा बंद व्हावा. आणि या सर्वांची जबाबदारी मुख्य मालक म्हणून कारखान्यावर असावी. कारखान्यांना याचा हिशेब जड जाईल असे नाही. सभासदाच्या टनावारीचे आकडे ते वर्षानुवर्षे बिनचूक ठेवत आलेच आहेत.

नोंदणीचे काम मात्र करारापर्यंत थांबण्याचे कारण नाही. ते टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आत, ग्रामपंचायतीत होते. तेथील लिपिक आणि ग्रामसेवक, शाळेचे मास्तर, सुट्टीत घरी आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्याच हातून हे अर्ज भरले जातात. कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याचे नाव लिहून अर्ज पुढे सरकवणे सोपे असते. तसे न करता बाईचा अर्ज वेगळा भरून घ्यावा, तिचे वय आणि किती हंगाम तोडणी केली हे तिलाच विचारून लिहावे, आणि पोच तिच्या हातात द्यावी. यासाठी कोणत्याही नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.